गिमिलियोचें देवालय

इंग्रजी ग्रंथांच्या द्वारें युरोपांतील वास्तुकलेची ओळख करून घेणाऱ्या आपल्याकडील वाचकाची स्थिति थोडी चमत्कारिक असते. व्हेनिस, रूआं, आमियें हीं नांवें त्याला परिचयाचीं असतात. परंतु तीं स्थळें त्यानें पाहिलेलीं असतात तीं रस्किनच्या डोळ्यांनीं. गॉथिक म्हणजे श्रद्धा आणि स्वातंत्र्य, रिनेसान्स म्हणजे दर्प आणि दास्य, असें एक सुटसुटीत समीकरण तो कॉलेजांत शिकतो, आणि पुढें स्वतः शिक्षक झाला म्हणजे तेंच शिकवूं लागतो. प्रस्तुत लेखकानें हें पातक सुमारें पंचवीस वर्षें केलें आहे. या समीकरणाविषयींची शंका एखाद्या महामंदिरापुढें उभी राहिली असती, तर तिला मी कदाचित् दाद दिली नसती. ती उभी राहिली ब्रिटनीमधील हजारएक वस्तीच्या एका खेड्यांत. आणि म्हणूनच ती टाळतां आली नाहीं. त्या खेड्याचें नांव गिमिलियो. तेथील चर्चविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. परंतु त्या निमित्तानें कलापरीक्षणांतील एका जुन्या प्रश्नाचाहि विचार करावयाचा आहे.

ब्रिटनी हा फ्रान्सचा पश्चिमेकडे समुद्रांत शिरलेला भाग. १५३२ सालीं तो फ्रान्सच्या राज्याला कायमचा जोडला गेला. तरी त्याच्या पश्चिमार्धांतील शेतकऱ्यांची भाषा फ्रेंच झाली नाहीं. ती केल्टिक कुळांतील ब्रेतों भाषाच राहिली. याच पश्चिमेच्या टोंकाला फिनिस्तेर, म्हणजे 'भूमीचा अंत', असें अन्वर्थक नांव मिळालें आहे, आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेशास लेओं म्हणतात. गिमिलियो या नांवांतील पहिलें अक्षर लॅटिनमधून ब्रेतोंमध्यें आलेल्या 'ग्विक', म्हणजे वस्ती, या शब्दाचें झिजलेलें रूप आहे. तेव्हां गिमिलियो म्हणजे मिलियोचें गांव. हा मिलियो राजा होता, आणि राज्यलोभी भावानें त्याचा वध केला, असें दंतकथा सांगते. रोमनें विधिपूर्वक संतपद दिलेल्यांच्या यादींत न सांपडणारे, परंतु गांवोगांव पूजिले जाणारे असे शेंकडों संत ब्रिटनींत आहेत; मिलियो हा त्यांपैकींच एक.

येथील देवालयाचें परीक्षण करूं पाहणाऱ्यानें पहिली एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ही एकटी इमारत नव्हे. लेओं प्रांतांत चर्च, त्याभोंवतींची दफनभूमि, तिला घालणारी दगडी भिंत, त्या भिंतींतील प्रवेशद्वार, ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा शिल्पमंडित चौथरा आणि मृतांचीं हाडें ठेवावयाचें अस्थिगृह, हीं सर्व मिळून एकच रचना समजली जाते. मनुष्य आंत येतो तो जणूं मरणाच्या दारांतून. समोर त्याला ख्रिस्ताचें मरण दिसतें. बाजूला स्वतःच्या पूर्वजांचीं हाडें दिसतात. आणि मग तो उपासनेच्या जागीं पोंचतो. या क्रमाकडे दुर्लक्ष करून नुसता मनोरा मोजणें किंवा कमान कोणत्या शैलीची आहे हें ठरविणें, म्हणजे वाक्यांतला एक शब्द उचलून त्याचें व्याकरण चालविण्यासारखें आहे. ज्या टीकाकारांनीं या वास्तूंना केवळ ग्रामीण कारागिरीचे नमुने म्हणून बाजूला सारलें, त्यांच्या हातून हीच चूक झाली असावी.

आतां असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो कीं, इतक्या लहान गांवांनीं इतकें बांधलें कशाच्या बळावर? याचें उत्तर कोणा सरदाराच्या किंवा बिशपच्या औदार्यांत नाहीं; तें जवसाच्या शेतांत आहे. जवसाच्या देठांतील तंतु काढून त्याचें सूत कातावें, 'कांदी' नांवाच्या लहान दगडी धोबीघरांत राखेच्या पाण्यानें तें शुभ्र करावें, आणि मग विणावें, हा या भागाचा मोठा उद्योग होता. येथील 'क्रे' नांवाचें लिनन मॉर्लेच्या बंदरांतून इंग्लंडला आणि स्पेनला जाई. त्या व्यापारावर गबर झालेल्या शेतकरी-सावकारांना 'जुलोद' म्हणत. जुलोद सरदार नव्हता. त्याचा पोशाख आणि भाषा शेतकऱ्याचीच राहिली. पण चर्चच्या पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या पंचमंडळांत त्याचाच शब्द चाले. शेजारच्या सें-तेगोनेकनें कांहीं उभारलें कीं गिमिलियोनें त्याहून सरस उभारावें, आणि लांपॉलनें त्या दोघांकडे पाहून आपली थैली सोडावी, अशी ती चढाओढ दीडशें वर्षें चालली. भक्तीचें हें मूळ कांहींसें गढूळ आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु झऱ्याचें पाणी कोणत्या मातींतून येतें यावरून त्याची चव ठरवूं नये. ती पिऊनच पाहावी.

गिमिलियोचें सर्वांत प्रसिद्ध शिल्प म्हणजे तेथील 'काल्व्हेर', अर्थात् वधस्तंभाचा चौथरा. त्यावर १५८१ आणि १५८८ हीं सालें कोरलेलीं आहेत. मधोमध भक्कम दगडी ओटा. त्याला चारी कोपऱ्यांत कमानी काढलेले टेंकू. त्या टेंकूंवर चार शुभवर्तमानकार. ओट्याच्या भोंवतीं मूर्तींची एक पट्टी, माथ्यावर मूर्तींची दाटी, आणि त्या सर्वांवर वधस्तंभ. मूर्तींची संख्या दोनशेंच्या आसपास आहे. दगड ब्रेस्टच्या आखाताकांठचा केर्सांतों नांवाचा. हा करडा, बारीक कणांचा दगड खाणींतून काढल्यावर छिन्नीला सहज वश होतो आणि पुढें हवेनें कठीण होत जातो. त्यामुळें चारशें वर्षांच्या पावसानंतरहि पागोट्याची घडी अन् दाढीचा केंस त्यावर ओळखतां येतो.

येथें एक गोष्ट पाहणाऱ्याला प्रथम बुचकळ्यांत टाकते. ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग येथें कालानुक्रमानें मांडलेले नाहींत. मेरीला देवदूताचा संदेश, ख्रिस्तजन्म, शिष्यांचें पादप्रक्षालन, अखेरचें भोजन, इजिप्तला पलायन, हे प्रसंग कोणत्याहि क्रमानें एकमेकांशेजारीं उभे आहेत. ज्याला ग्रंथ वाचावयाची संवय आहे तो याला अव्यवस्था म्हणेल. परंतु ज्यांच्यासाठीं हें घडविलें त्यांना ती कथा लहानपणापासून पाठ होती. त्यांना ती वाचावयाची नव्हती, तिच्याभोंवतीं फिरावयाचें होतें. कोणत्याहि बाजूनें आलें तरी कथेचा एखादा तरी तुकडा समोर यावा, आणि उरलेली कथा पाहणाऱ्यानें मनांत पुरी करावी. हा दोष असला तर तो कथेवरील विश्वासांतून आलेला दोष आहे.

दुसरी गोष्ट पोशाखाची. या मूर्तींच्या अंगावर पॅलेस्टाइनचे कपडे नाहींत. तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दींतील फ्रान्सचे आहेत. ख्रिस्ताला छळणारे शिपाई हे त्या कोरक्यांनीं रस्त्यावर पाहिलेले शिपाई आहेत. १५८८ सालीं फ्रान्स धर्मयुद्धानें पोळून निघत होता, आणि लौकरच ब्रिटनींतहि दहा वर्षें यादवी माजावयाची होती. अशा वेळीं मशाली आणि भाले घेऊन निरपराध मनुष्याला धरून नेणारी टोळी ही त्या कोरक्याला अभ्यासानें समजून घ्यावी लागली नसेल. या मूर्तींचीं डोकीं मोठीं आहेत, अंगें ठेंगणीं आहेत, शरीरशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत शेंकडों चुका काढतां येतील. ध्यानांत ठेवावें कीं १५८१ पर्यंत मायकेलअँजेलो मरून सतरा वर्षें झालीं होतीं आणि पालादिओ आदल्याच वर्षीं वारला होता. इटलीच्या घड्याळाप्रमाणें पाहिलें तर गिमिलियोचा कोरक्या शंभर वर्षें उशिरानें जागा झाला होता. परंतु कलेंत सर्वांनीं एकाच घड्याळावर उठावें असा नियम कोणी केला?

या चौथऱ्यावरील एका शिल्पासंबंधीं मात्र मला कौतुकाच्या पलीकडे जाऊन बोललें पाहिजे. उघड्या अंगाच्या एका तरुण स्त्रीला राक्षस नरकाच्या जबड्यांत ओढीत आहेत. लोक तिला 'कातेल गोलेत', म्हणजे वायां गेलेली कॅथरिन, म्हणून ओळखतात. तिची कथा अशी सांगतात कीं, ती नाचाच्या नादीं लागली होती. तिनें धर्मगुरूपाशीं आपलें पाप दडविलें, आणि सैतानाच्या सांगण्यावरून पवित्र प्रसादाचा अपहार केला. कोंवळ्या मुलींनीं हें पाहून शहाणें व्हावें, हा हेतु उघड आहे. शिल्प म्हणून तें जोरकस आहे. त्या दाटींत नजर पुनः पुनः तेथेंच जाते. पण मग मनांत येतें, की ज्या पैशानें हा चौथरा उभा राहिला त्याचें सूत कोणीं कातलें? हिंवाळ्यांत चुलीपुढें बसून गांवोगांवच्या बायकांनीं. आणि त्या सुताचा भाव ठरवून श्रीमंत कोण झाला? जुलोद. नरकाच्या दारांत मात्र जुलोद दिसत नाहीं. दिसते ती नाचणारी पोर. ही टीका मी आजचे विचार जुन्या काळावर लादून करीत आहें, असें कोणी म्हणेल. तसें म्हणणाऱ्यानें एवढें स्मरावें कीं, लोभी धनिकाला नरकांत दाखविण्याची चाल मध्ययुगीन शिल्पांत भरपूर होती. अर्थात् गिमिलियोकरांना ती कल्पना सुचणें अशक्य नव्हतें. पण पैसे देणाऱ्याचें चित्र नरकांत कोण कोरणार? ज्या कलेला आपण निर्व्याज लोककला म्हणतों, तिलाहि मालक असतो, हें येथें समजतें.

चौथऱ्याकडून वळून दक्षिणेकडील द्वारमंडपाशीं यावें. जुन्या, सोळाव्या शतकांतील चर्चपैकीं आज केवळ मनोरा उरला आहे. बाकीची इमारत सतराव्या शतकांत नव्यानें बांधली गेली. हा मंडप १६०६ ते १६१७ या काळांतला. वरच्या त्रिकोणी शिखरावर मिलियो राजाची मूर्ति आहे. कमानीच्या कडांवर बायबलमधील लहान लहान मूर्ति एकावर एक चढत गेल्या आहेत. आंत दोन्ही बाजूंस शिष्यांच्या मूर्तींची रांग, आणि त्यांच्या पायांखालीं गुलाबपुष्पें, पट्टबंध आणि जुन्या करारांतील प्रसंग यांची नक्षीदार पट्टी. त्या पट्टींत १६०६ या आंकड्याजवळ आदिस्त्रीच्या निर्मितीचें शिल्प आहे. तें लहान आहे, सहज नजरेंतून निसटतें. पण कातेलला पाहून आल्यावर तें पाहिलें म्हणजे मन थोडें निवतें. ज्या गांवानें स्त्रीला नरकाच्या जबड्यांत घातलें, त्याच गांवानें पुढच्या पिढींत ईश्वराच्या हातांतून तिला नुकतीच बाहेर येतांना दाखविलें.

या मंडपाशींच माझें जुनें समीकरण मोडलें. त्रिकोणी शिखर, पट्टबंध, गुलाबपुष्पांचीं पदकें, हीं सगळीं रिनेसान्सचीं लक्षणें. चढत्या मूर्तींची कमान मात्र गॉथिकची. रस्किननें १८५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या गॉथिकवरील प्रकरणांत असें प्रतिपादिलें आहे कीं, गॉथिक कारागीर चुका करावयास मोकळा होता, म्हणून त्याच्या ओबडधोबडपणांत मनुष्याचा आत्मा दिसतो. रिनेसान्सनें परिपूर्णतेचा आग्रह धरला आणि कारागिराला गुलाम केलें. या विचाराची थोरवी मी नाकारीत नाहीं. व्हेनिसपुरता तो खराहि असेल. पण गिमिलियोच्या कोरक्यापुढें रिनेसान्स आलें तेव्हां त्यानें काय केलें? त्यानें खांब घेतले, शिखर घेतलें, नक्षी घेतली. आणि त्यांतील परिपूर्णतेची अट तेवढी घेतली नाहीं! नव्या व्याकरणांत त्यानें जुनीच बोली बोलून दाखविली. यावरून असें दिसतें कीं, दास्य किंवा स्वातंत्र्य हें आकारांत नसतें. घडविणारा आणि घडवून घेणारा यांच्या परस्परसंबंधांत असतें. येथील कोरक्यावर दूरच्या कोणा शिल्पपंडिताचा आराखडा लादलेला नव्हता. त्याचा मालक त्याच्याच भाषेंत बोलणारा शेतकरी होता. शैलीचें नांव वाचून कारागिराची कुंडली मांडणें ही आम्हां शिक्षकांची सोय आहे. तिला ज्ञान म्हणूं नये.

मग हा सिद्धांत सर्वत्र लागू पडतो काय? प्रामाणिक परीक्षकानें आंत जाऊन पाहावें. आंतील लाकडीकाम मंडपानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळानें झालेलें आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडावर ओक लाकडाची प्रचंड मेघडंबरी आहे. ती १६७५ ची. पिळाचे खांब, त्यांवर चढलेल्या वेली, फळें आणि पानें. प्रवचनपीठ १६७७ चें. त्याच्या कोपऱ्यांवर चार सिबिला, म्हणजे प्राचीन काळच्या ख्रिस्तेतर भविष्यवादिनी, उभ्या आहेत. ऑर्गनच्या सज्ज्यावर तीन उठावाचीं शिल्पें आहेत : वीणेसारखें वाद्य वाजविणारा डेव्हिड राजा, ऑर्गनपाशीं बसलेली संत सेसिलिया, आणि, वाचकांस आश्चर्य वाटेल, अलेक्झांडरचा विजयोत्सव! हें तिसरें शिल्प चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार ल ब्रं याच्या चित्रावरून उतरविलेलें आहे. अलेक्झांडरच्या रूपानें लुईचीच स्तुति करावयाची, हा त्या चित्रांचा हेतु होता. राजाची खुशामत राजधानींत रंगांत झाली, आणि तिची नक्कल दूरच्या खेड्यांत लाकडांत झाली.

येथें मात्र मला कौतुक आंवरतें घ्यावें लागतें. मेघडंबरीचें कोरीवकाम निर्दोष आहे. चौथऱ्यावरील एकहि मूर्ति इतकी निर्दोष नाहीं. पण तिच्यापुढें उभें राहिलें असतां मनांत प्रथम येतें तें हेंच, कीं केवढा खर्च झाला असेल! चौथऱ्यापुढें हा विचार शेवटीं येतो. ज्या वर्षीं ही मेघडंबरी उभी राहिली त्याच १६७५ सालीं लुईच्या युद्धखर्चासाठीं मुद्रांकित कागद, तंबाखू वगैरेंवर बसविलेल्या करांविरुद्ध ब्रिटनीचे शेतकरी उठले होते. बंडाचा जोर दक्षिणेकडे होता. तें मोडल्यावर कांहीं गांवांच्या चर्चचे मनोरे शिक्षा म्हणून पाडण्यांत आले. ज्या राजाच्या सत्तेनें मनोरे पाडविले त्याच राजाचें गुणगान त्याच सुमारास गिमिलियोच्या सज्ज्यावर चढलें. जुलोदाची रुचि आतां शेजारच्या गांवाकडे पाहत नव्हती. ती व्हर्सायकडे पाहूं लागली होती. तेव्हां रस्किनचा सिद्धांत येथें उलट्या वाटेनें पुनः खरा होऊं पाहतो : परिपूर्णता आली आणि बोली हरपली. मात्र त्याचें कारण शैली नव्हे, परावलंबी रुचि.

तरीहि त्या सज्ज्यावरील ऑर्गनची हकीकत इतकी मनोरम आहे कीं, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो टॉमस डॅलम याच्या हातचा. हें घराणें मूळचें इंग्रज, पंथानें कॅथलिक. या टॉमसच्या त्याच नांवाच्या आजोबानें १५९९ सालीं राणी एलिझाबेथच्या वतीनें सुलतानाला भेट द्यावयाचा आपोआप वाजणारा ऑर्गन कॉन्स्टॅन्टिनोपलला नेऊन उभा केला होता. १६४२ मध्यें इंग्लंडांत यादवी पेटली, प्युरिटनांनीं चर्चमधील ऑर्गनांवर गदा आणली, आणि हें कुटुंब ब्रिटनीला आलें. पुढें राजसत्ता परत आल्यावर बाप इंग्लंडला गेला. मुलगा येथेंच राहिला. स्वदेशांत जें वाद्य फोडलें जात होतें तें परदेशांतील खेड्यानें आपल्या सुताच्या पैशानें विकत घेतलें. दर्पानें दिलेला पैसा कधीं कधीं निराश्रिताच्या पोटीं जातो. तेव्हां दर्पालाहि थोडी क्षमा करावी.

बाहेर अंगणांत १६४८ चें अस्थिगृह आहे. याच्या एका खिडकींत उघड्यावरील प्रवचनासाठीं पीठ बसविलें आहे. म्हणजे मृतांच्या घरांतून जिवंतांना उपदेश. दफनाची जागा अपुरी पडे तेव्हां जुनीं हाडें उकरून अशा घरांत रचीत. ब्रेतों लोक मृत्यूला 'अंकू' या पुरुषाच्या रूपांत पाहतात. ला रोश-मोरिस येथील १६३९ च्या अस्थिगृहावर तो बाण घेऊन उभा आहे, आणि आपण सर्वांना मारतों असें तेथील लेखांत सांगतो. जवळच्या ला मार्तीरच्या १६१९ च्या अस्थिगृहावर ब्रेतोंमध्यें कोरलेल्या लेखांत नरकाला थंड म्हटलें आहे. ज्यांनीं अटलांटिकचा ओला हिंवाळा सोसला त्यांचा नरक जळणारा नसून गारठलेला असावा, यांत उसनें कांहीं नाहीं. परमेश्वराचें रूप पुष्कळदां बाहेरून येतें; भीतीचें रूप मात्र माणूस आपल्या घरांतूनच घडवितो.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. कोल्बेरनें परदेशी मालावर जबर जकाती बसविल्या. १६७८ मध्यें इंग्लंडनें फ्रेंच माल बंद केला. १६८८ पासून युद्ध सुरू झालें. लिननचें मोठें गिऱ्हाईक गेलें आणि हळूहळू गांवांच्या थैल्या आटल्या. बांधकाम थांबलें, आणि थांबलें म्हणूनच टिकलें. पैसा राहिला असता तर अठराव्या शतकांतील जुलोदाच्या नातवानें तो ठेंगण्या मूर्तींचा चौथरा काढून टाकून त्या जागीं कांहीं अधिक सुबक आणलें नसतें, असें कोणी छातीठोकपणें सांगावें? गरिबी ही कधीं कधीं कलेची निष्ठावंत राखणदार ठरते. धोका आज निराळ्या दिशेनें येतो. शेजारच्या सें-तेगोनेकचें चर्च ८ जून १९९८ रोजीं आगींत सांपडलें, आणि तें पुनः उभें करावयास कित्येक वर्षें लागलीं. कोरीव लाकडाला एक ठिणगी पुरते. आणि न दिसणारी दुसरी आग म्हणजे भाषेचा ऱ्हास : ज्या ब्रेतोंमध्यें या दगडांशीं लोक बोलत, ती आज बहुतांशीं म्हाताऱ्यांच्या तोंडीं उरली आहे, आणि उन्हाळ्यांत अंगणांत ऐकूं येतात त्या प्रवाशांच्या भाषा.

मी स्वतः त्या प्रवाशांपैकींच एक होतों, हें कबूल करतों. चौथऱ्याभोंवतीं तीन फेऱ्या घातल्या, टिपणें केलीं, आणि निघालों. परत आल्यावर रस्किनचें तें प्रकरण वर्गांत पुनः शिकविण्याची वेळ आली तेव्हां जुनीं टिपणें समोर ठेवून थोडा वेळ गप्प बसलों. प्रकरण शिकविलेंच, तें शिकविण्याजोगेंच आहे. परंतु शेवटीं विद्यार्थ्यांना गिमिलियोच्या त्या मंडपाविषयीं सांगितलें, आणि आजवर या विषयावर मीं लिहवून दिलेलीं उत्तरें खोडून टाकावींत असेंहि सांगितलें. त्यांच्या परीक्षेच्या दृष्टीनें हें कितपत हिताचें झालें तें न कळे.